शोभाताई पूर्ण लेख टाकायच्या

ऐका ना, मला हे आत्ताच्या आत्ता सांगायचंय. लंच ब्रेक संपत आलाय, डबा उघडा पडलाय, भाजी गार होतेय आणि मी टाइप करत सुटलेय. झालं असं की आत्ता सकाळच्या मीटिंगमध्ये आमच्या सरांनी बोर्डवर भल्यामोठ्या अक्षरांत लिहिलं, 'वाचकाला अर्ध्यावर सोडा.' म्हणजे पोस्ट अर्धी टाकायची, पुढचं वाचायला लिंक द्यायची, मग लोक आपोआप साइटवर येतात. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. चूक काहीच नाहीये त्यात, सगळं जग असंच करतं. पण मान डोलावता डोलावता मला एकदम शोभाताई आठवल्या. आणि त्या आठवल्या की अजूनही वाटतं, सकाळ झालीय आणि वाचकांचा ग्राफ उघडायचाय.

शोभाताई ढोले. माझ्या पहिल्या नोकरीतल्या. नारायण पेठेत एक दुकान होतं, आजारी माणसांसाठी लागणाऱ्या वस्तू भाड्याने देणारं. दांडा फिरवला की डोक्याकडून वर होणारे पलंग, व्हीलचेअर, वॉकर, हवेच्या गाद्या. मालक बापट सर. आणि त्या दुकानाचा एक ब्लॉग होता, 'उशाशी' नावाचा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं घरी कसं करायचं, एवढा एकच विषय. तो ब्लॉग शोभाताई लिहायच्या. दुकानाच्या मागच्या बाजूला, दोन वॉकर आणि एक सॅम्पल पलंग यांच्या मध्ये टेबल टाकून. दोन बोटांनी. एक बोट उजव्या हाताचं, एक डाव्या हाताचं, आणि प्रत्येक शब्द टाइप करताना ओठ हलायचे.

त्या दुकानात आल्या कशा, हे मी त्या आणि बापट सर, दोघांकडून ऐकलंय, आणि दोन्ही कहाण्या वेगळ्या आहेत. शोभाताई मूळच्या वर्ध्याकडच्या, नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे पुण्यात आलेल्या. सासूबाई कित्येक वर्षं अंथरुणावर होत्या. त्यांच्यासाठीचा पलंग याच दुकानातून नेलेला. सासूबाई गेल्यावर शोभाताई टेम्पोत बसून पलंग परत करायला आल्या आणि काउंटरपाशी उभ्या राहिल्या.

"पावती?" बापट सर म्हणाले. बापट सर एका शब्दात काम होत असेल तर दुसरा वापरत नाहीत.

"पावती देते. पण एक सांगा, पलंग देताना तुम्ही दांडा कसा फिरवायचा तेवढं सांगता. पलंगावरच्या माणसाचं काय करायचं, ते कोण सांगणार?"

"बाई, आम्ही पलंग भाड्याने देतो. माणूस तुमचा."

"मग माणसाचं मी लिहून देते. ते पलंगासोबत देत चला."

बापट सरांच्या मते हे सगळं त्या ओरडून म्हणाल्या, गिऱ्हाईकांसमोर. शोभाताईंच्या मते त्या रडत होत्या आणि सरांनी आधी खुर्ची दिली. काहीही असो, त्यांनी लिहिलेला कागद पलंगांबरोबर जायला लागला, मग लोक फोनवर तो मागायला लागले, मग सरांच्या भाच्याने ब्लॉग काढून दिला. शोभाताई नोकरीवर लागल्या. पुढे त्यांच्या मिस्टरांचा कारखाना बंद पडला आणि घरात येणारा पगार हा एवढाच उरला.

मी आले ती दिवाळीनंतर. सरांनी मला घेतलं ते वाचक आणायला. पहिल्याच दिवशी दोघींना समोर उभं करून म्हणाले, "गुढीपाडव्यापर्यंत बघतो. वाचक वाढले तर ब्लॉग राहील. नाहीतर साइटची पुढच्या वर्षाची फी भरायची नाही असं ठरवलंय. आणि ब्लॉग नाही तर मग लिहिणारं माणूस तरी कशाला, नाही का?"

ते 'नाही का' त्यांनी इतक्या सभ्यपणे विचारलं की मला कळेना, यावर उत्तर द्यायचं असतं की काय. शोभाताई वळल्या आणि सॅम्पल पलंगावरची चादर काढून पुन्हा घालायला लागल्या.

ही त्यांची सवय. टेन्शन आलं की चादर. चारी कोपरे उचलायच्या, घडी आत खोचायच्या, तळहाताने ताणायच्या, एक सुरकुती राहू द्यायच्या नाहीत. मग परत काढायच्या. त्या हिवाळ्यात तो पलंग दिवसातून इतक्या वेळा घातला गेला की बापट सर एकदा काउंटरवरून म्हणाले, "आपल्याकडे इस्त्रीचा खर्च नाही हो. शोभाताईंना नुसतं टेन्शन द्यायचं."

दुसरी खूण बोलण्याची. एरवी अगदी पुस्तकातलं वाटावं असं स्वच्छ बोलायच्या, पण घाबरल्या की वर्ध्याच्या व्हायच्या. सकाळी मी कॉम्प्युटर लावला की मागून आवाज, "गार्गी, ताप पाह्य वं." ताप म्हणजे वाचकांचा ग्राफ. सासूबाईंच्या तापाचा तक्ता भरायची सवय, त्यामुळे रेघ वरखाली जाणारं काहीही त्यांच्यासाठी तापच. "इथे ताप चढला तर आनंद मानायचा. काय उलटं काम आहे बाप्पा," असं म्हणायच्या आणि माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरून उभ्या राहायच्या. मी पेज रिफ्रेश करायचे, ते गोल गोल फिरायचं, आणि आम्ही दोघी श्वास धरून. रेघ जमिनीला लागलेलीच. रोज.

मला वाटलं होतं आपण दोन आठवड्यांत धमाल उडवू. मी भराभर टाइप करते, मला सगळं येतं, असा माझा समज. पहिल्या लेखाची सुरुवात मी सुंदर करून दिली, 'वार्धक्य म्हणजे आयुष्याची सोनेरी संध्याकाळ.' शोभाताईंनी चष्मा लावला, ओठ हलवत वाचलं, आणि विचारलं, "संध्याकाळ झाली, ते कळलं. पण तिचा हात कुठे आहे?"

"कोणाचा?"

"वाचणारीचा. एक हात सासूच्या पाठीखाली आहे. दुसऱ्या हातात फोन. अंगठ्याने वर सरकवतेय. सासू कण्हतेय. आता तू तिला संध्याकाळ सांगणार का?"

संध्याकाळ गेली. लेख सुरू झाला 'आधी पलीकडचा गुडघा वाकवा' इथून.

वाचणारा कुठं बसलाय, हा त्यांचा प्रश्न. प्रत्येक लेखाआधी विचारायच्या, स्वतःला, मला, एकदा तर टेलिफोन बिलाचं विचारायला आलेल्या माणसालाही. आणि उत्तर मिळाल्याशिवाय एक शब्द टाइप करायच्या नाहीत. वाचणारा हॉस्पिटलच्या बाकावर बसलाय. वाचणारा मुलगा आहे, आईचे कपडे बदलायचेत आणि त्याला लाज वाटतेय. वाचणारी स्वतःच सत्तरीची आहे, अक्षर मोठं कर. मी म्हणायचे, "ताई, वाचणारा कुठेच बसलेला नाहीये, ग्राफ बघा ना!" तर म्हणायच्या, "बसलाय. त्याला आपण सापडत नाही एवढंच."

तेच तर माझं काम होतं, सापडवून देणं. मग मी त्यांना सगळं शिकवायला लागले. लिंक शेअर करायच्या साइट असतात, तिथे आपल्या लेखाची लिंक टाकायची, लोक मत देतात, मतं वाढली की लिंक वर चढते आणि वर चढली की अजून लोक बघतात. आणि मग ग्रुप, फेसबुकवरचे, व्हॉट्सअ‍ॅपवरचे, सोसायट्यांचे, सिनियर सिटिझन्सचे, कुठले कुठले.

लिंकच्या साइटवर एक गंमत झाली. गंमत आता म्हणतेय, तेव्हा मी नखं खात होते. तिथे लोकांनी मंडळं केलेली असतात, तू माझ्या लिंकला मत दे, मी तुझ्या. कोणी कोणाचं वाचत बिचत नाही. लग्नातल्या आहेरासारखं, पाकीट दिलं की पाकीट येतं. मी शोभाताईंना एका मंडळात घुसवलं आणि सांगितलं, रोज सगळ्यांना मत द्यायचं, बास. चहा घेऊन परत येते तर त्या पहिल्याच लिंकवर. लेख पूर्ण वाचत होत्या.

"ताई, वाचायचं नसतं!"

"न वाचता मत कसं देऊ?"

"बटण दाबून!"

तर त्या ऐकूनच घेईनात. संध्याकाळपर्यंत दोन-तीन लेख झाले, आणि एका गृहस्थांच्या लिंकखाली त्यांनी दोन बोटांनी लिहिलं, 'आपला लेख शेवटपर्यंत वाचला. भाषा चांगली आहे. पण पडून असलेल्या माणसाला आडवंच ठेवून चमच्याने ताक पाजू नये, ठसका लागतो. त्यामुळे मत देता येत नाही. क्षमस्व.'

ते गृहस्थ मंडळाचे प्रमुख निघाले. रात्रीत आम्हाला काढून टाकलं. नुसतं काढलं नाही, आमच्या सगळ्या लिंकवर त्यांच्या माणसांनी उलटी मतं दिली. दुसऱ्या दिवशी ताप इतका उतरला की बापट सर म्हणाले, "गार्गी, तुला वाचक आणायला ठेवलं होतं. होते ते घालवायला शोभाताई होत्याच की."

मी कसनुसं हसले. शोभाताई चादरीकडे गेल्या.

मग सरांनी स्वतः एक हेडिंग दिलं. जानेवारी संपत आला होता, त्यांनाही घाई झाली असावी. कूस बदलण्याच्या लेखाला त्यांनी नाव दिलं, 'ही एक चूक तुमच्या आईच्या जिवावर बेतेल!' आणि हे सांगायलाच हवं, ते चाललं! बाप रे काय चाललं. दुपारपर्यंत रेघ अशी उभी गेली की मी खुर्चीवरून उठून नाचले. शोभाताईही हसल्या, मनापासून, तोंडावर हात ठेवून.

आणि मग दुकानाचा फोन वाजला. सहकारनगरच्या एक बाई होत्या. त्यांनी फक्त हेडिंग वाचलेलं. लेख उघडायचीच हिंमत झाली नाही, कारण त्यांची आई आदल्याच आठवड्यात गेली होती. त्या एवढंच विचारत होत्या, "ती चूक कोणती? मी केली का ती?"

फोन शोभाताईंनी घेतला. मी फक्त त्यांची बाजू ऐकत होते. "नाही हो. तुम्ही काय काय करायच्या ते सांगा बरं मला... हो... उशी दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये?... मग बरोबर केलं तुम्ही. नाही, नाही. बरोबरच केलं." असं किती वेळ. गिऱ्हाईक आलं, गेलं. बापट सर काउंटरवर मान खाली घालून बसले होते, वर बघतच नव्हते. फोन ठेवल्यावर शोभाताईंनी कोणाला काही न विचारता हेडिंग बदललं. 'कूस बदलताना उशी कुठे ठेवायची.' रेघ परत खाली. सरांनी ते तसंच राहू दिलं, पण पाडव्याची मुदत वाढवली नाही.

फेब्रुवारीत मात्र एक विचित्र गोष्ट व्हायला लागली. ग्रुपवर शोभाताईंचं नाव झालं. त्या ग्रुप सांभाळायच्या, मी साइट आणि बाकीचं. त्यांच्या पोस्टखाली लोकांची रांग. 'ताई, फार उपयोग झाला.' 'ताई, देवासारख्या भेटलात.' हात जोडलेले, बदाम, फुलं, सगळं. आणि ब्लॉगवर? शुकशुकाट. मला झोप लागेना. म्हणजे एवढी माणसं आभार मानतायत, तर ती येतात कुठून आणि जातात कुठे? मी साइट बिघडलीय का बघितलं, ग्राफ बिघडलाय का बघितलं. बापट सर म्हणाले, "टाळ्या ऐकू येतायत. थिएटर रिकामं आहे. हा कसला प्रयोग?"

शेवटी एक दिवस मी शोभाताईंचा फोन घेतला आणि ग्रुप उघडला. आणि मला घामच फुटला.

त्या पूर्ण लेख टाकत होत्या. अख्खा. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, ग्रुपवर. लिंक नाही, साइटचं नाव नाही, काही नाही. ब्लॉगवर यायची गरजच कोणाला उरलेली नव्हती! सगळे तिथेच वाचत होते, तिथूनच पुढे पाठवत होते, आणि आमच्याकडे त्याची एक रेघ उमटत नव्हती.

"ताई! मी काय सांगितलं होतं? वरच्या दोन ओळी आणि खाली लिंक!"

"दोन ओळींत उशी येत नाही गं."

"नाहीच यायला पाहिजे! म्हणून तर ते लिंक दाबतील!"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अशिष्ट बोलले होते. मग हळूच म्हणाल्या, "आमच्याकडे उन्हातून माणूस आला तर आधी पाणी देतात. अर्धा पेला दारात देऊन, उरलेलं आत येऊन प्या, असं कोणी म्हणतं का?"

"ताई, तुमची नोकरी आहे ही."

मी त्यांना ग्राफ दाखवला, पोस्ट दाखवल्या, सगळं जोडून सांगितलं. त्या हुशार होत्या, एका मिनिटात कळलं त्यांना. "म्हणजे मीच करून राहिली होती का हे? इतके दिवस? काहून नाही सांगितलं मले कोणी?" आणि उठून पलंगाकडे गेल्या, पण चादर काढली नाही. नुसत्या कडेवर बसल्या. त्या पलंगावर त्यांना बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून त्या शहाण्यासारख्या वागायला लागल्या. अर्धा लेख, खाली लिंक. मी शिकवलं तस्सं. आणि खरं सांगते, जादू झाली. ग्रुपवर त्यांचं नाव होतंच, लोकांनी धडाधड लिंका दाबल्या. रोज ताप चढता. बापट सर एकदा मागे येऊन ग्राफ बघून गेले आणि जाताना म्हणाले, "हं." बापट सरांचं 'हं' म्हणजे बाकीच्यांचे पेढे! पाडवा जवळ आला होता आणि मला पहिल्यांदा वाटलं की जमतंय, राहतोय ब्लॉग, राहतायत ताई. फक्त शोभाताई खूष दिसत नव्हत्या. पोस्ट टाकली की फोन उलटा करून ठेवायच्या, जसा काही त्यातून कोणीतरी हाक मारेल.

आणि मारली. एका दुपारी त्यांनी फोन सुलटा केला, वाचलं, आणि उभ्याच राहिल्या. सकाळी टाकलेल्या अर्ध्या पोस्टखाली एका मुलीने लिहिलं होतं, 'ताई पुढे काय. लिंक उघडत नाही इथे रेंज कमी आहे. बाबांना कुशीवर धरून बसले आहे. उशी कुठे ठेवू. घरात दुसरं कोणी नाही.'

लिहून बराच वेळ झालेला होता.

शोभाताईंची दोन बोटंही चालेनात. मी म्हटलं द्या, मी लिहिते, मला भराभर येतं. नाही दिला फोन. उभ्या उभ्या, ओठ हलवत, 'पाठीमागे एक उशी लावा. एक दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये. आता हात काढा, ते पडणार नाहीत.' पाठवलं. मग वाट बघणं. मेसेज गेला, एवढंच कळत होतं. मुलीने पाहिला की नाही, काहीच नाही. तिचा नंबर ग्रुपवरून काढून मी फोन लावला, लागेना. परत लावला. शोभाताई दारापर्यंत जायच्या, रस्त्याकडे बघायच्या, परत यायच्या, जसं काही ती मुलगी रिक्षातून उतरणारच आहे. "तिचे हात भरून आले असतील," एवढंच म्हणत होत्या. "वडील जड असतील तर? तिने सोडून दिलं असेल तर?" त्या दिवशी दुकान बंद होईपर्यंत उत्तर आलं नाही.

ते आलं दुसऱ्या दिवशी सकाळी. 'जमलं ताई. बाबा झोपले होते छान. फोनची बॅटरी गेली होती.' एवढंच. मी ओरडलेच आनंदाने. शोभाताईंनी ते वाचलं, डोळे पुसले, आणि तिथल्या तिथे, माझ्यासमोर, त्या आठवड्यातल्या सगळ्या अर्ध्या पोस्ट काढून टाकायला सुरुवात केली. एकेक काढायच्या आणि तिथे पूर्ण लेख टाकायच्या. खाली निदान दुकानाचं नाव टाका म्हटलं, तर म्हणाल्या, पाणी पाजताना कोणी पाटी दाखवत नाही.

"ताई, पाडव्यापर्यंत थांबा ना! थोडेच दिवस राहिलेत. पाडवा झाला की टाका सगळं पूर्ण, मी टाकते हवं तर, पण आत्ता नको!"

"मी थांबेन गं. पण तिथे कोणीतरी कुशीवर धरून बसलंय, त्याला कसं सांगू थांब म्हणून?"

"तुमचं काय होईल पण?"

"तेच पाहून राहिली," त्या म्हणाल्या. आवाज बारीक झालेला, कपाळावर घाम. घाबरलेल्या होत्या त्या, खूप. मला हे मुद्दाम लिहायचंय, कारण अशा माणसांबद्दल सांगताना ती शांत आणि धीरोदात्त वगैरे होती असं सांगायची पद्धत आहे. शोभाताई अजिबात शांत नव्हत्या. नोकरी जाईल या भीतीने त्यांना जेवण जात नव्हतं. तरी त्या एकेक लेख पूर्ण टाकत गेल्या.

पाडव्याच्या आदल्या दिवशी बापट सर मागे आले. ग्राफ बघितला. डोंगरासारखा चढून तसाच घसरलेला. त्यांना सगळं माहीत होतं, मीच सांगितलं होतं, ताईंना वाचवण्यासाठी. ते कधी नव्हे ते सॅम्पल पलंगाच्या कडेला टेकले आणि म्हणाले, "शोभाताई, आपलं लिखाण लोक वाचतात, हे मला मान्य आहे. माझ्या मेहुणीने परवा मलाच पाठवला आपला लेख, फार उपयोगी आहे वाचा म्हणून. पण आपल्या दुकानाचं नाव त्यात नाही. मी कशाच्या जोरावर चालवू?"

"बरोबर आहे सर," शोभाताई म्हणाल्या.

"निदान भांडा तरी. पहिल्या दिवशी भांडला होतात."

"तेव्हा रडत होते हो मी."

सर थोडंसं हसले आणि उठले. महिनाअखेरीला साइट बंद करायचं ठरलं. दुकानात काउंटरला या म्हणाले, मनापासून म्हणाले असावेत, पण शोभाताईंनी कात्रजजवळच्या एका वृद्धाश्रमात काम धरलं.

शेवटच्या दिवशी आम्ही दोघी दिवसभर ब्लॉगवरचे उरलेले लेख उचलून ग्रुपवर टाकत होतो. माझा वेग त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या उपयोगाला आला. सगळे गेले, एक सोडून. तो लेख होता माणसाने जेवण सोडलं की काय करायचं, याचा. जबरदस्तीने भरवायचं नाही, ओठ ओले ठेवायचे, जवळ बसायचं, असं सगळं. तो त्यांनी एकाही ग्रुपवर कधी टाकला नव्हता. मी विचारलं तर म्हणाल्या, "हा न मागता कोणाच्या पुढ्यात ठेवायचा नाही. तुझ्याकडे ठेव कॉपी करून. टाकू नको." मी ठेवला.

संध्याकाळी मी त्यांना बसस्टॉपपर्यंत सोडायला गेले. हातात पिशवी, पिशवीत डबा आणि चष्म्याचं घर. मी खूप बडबडत होते, येईन भेटायला, फोन करेन, असलं काय काय. त्या बसच्या दिशेने बघत होत्या. तेवढ्यात फोन वाजला, मेसेज. त्यांनी चष्मा लावला. वाचलं. परत वाचलं. मग मला म्हणाल्या, "हिच्या वडिलांनी कालपासून काही घेतलं नाही."

"कोणाच्या?"

"तीच गं. कुशीवर धरून बसली होती ती."

मी माझा फोन काढला. "ताई, तो लेख आहे माझ्याकडे, लगेच पाठवते! एका सेकंदात!"

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "नको. तो सगळ्यांसाठी लिहिला होता. ती कुठे बसलीय ते मला माहीत आहे ना आता. हिचं वेगळं लिहायला पाहिजे."

बस आली. गर्दी होती, त्या चढल्या, कोणीतरी जागा दिली असावी, कारण त्या खिडकीत दिसल्या. मी हात हलवत होते, जोरजोरात, वेड्यासारखी. त्यांनी वर पाहिलंच नाही. मान खाली, चष्मा नाकावर घसरलेला, ओठ हलतायत, आणि ते एक बोट उजव्या हाताचं, एक डाव्या हाताचं. सिग्नलला बस थांबली तरी त्या लिहीतच होत्या. मग सिग्नल सुटला.

लंच ब्रेक कधीच संपलाय, आत मला बोलावतायत. पण तुम्ही सांगा ना मला. तुमच्या घरी कोणी अंथरुणाला खिळलेलं असताना, तुमचा एक हात अडकलेला असताना, कधी असा एखादा लेख आलाय का तुमच्या फोनवर? पूर्ण, कुठेही न दाबता शेवटपर्यंत वाचता आलेला? खाली कोणाचंच नाव नसलेला?